बेटावरचं पत्र्याचं चर्च

आमच्या घरात इटालियन सैनिकांवरचा एक विनोद पिढीजात चालत आलाय. "इटलीच्या रणगाड्याला गिअर किती? पाच. एक पुढे जायचा आणि चार मागे यायचे." दिवाळीत सगळे काका-आत्या जमले की कोणीतरी तो सांगणारच, आणि नव्याने ऐकल्यासारखे सगळे हसणारच. हसायचे नाहीत ते एकटे आप्पा. आप्पा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, मराठा पलटणीतले. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत होते, एवढंच आम्हा पोरांना ठाऊक. विनोद झाला की ते पानाचा डबा पुढे ओढायचे आणि सुपारी कातरायला घ्यायचे. त्यांना विनोद कळत नाही, अशी आमची समजूत होती.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे ऑर्कनी बेटांवरचं एक चर्च. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्याही पलीकडे समुद्रात सत्तरेक बेटांचा हा पुंजका आहे. झाडं जवळजवळ नाहीत. हिरवी कुरणं, गाई, मेंढ्या, आणि सतत वारा. वारा म्हणजे कसा, तर गाडीचं दार उघडताना आधी हाताने धरून ठेवावं लागतं. त्यातल्या लॅम्ब होम नावाच्या एका चिमुकल्या बेटावर इटालियन युद्धकैद्यांनी बांधलेलं चर्च आहे, असं कोणीतरी सांगितलं, म्हणून आम्ही गेलो. खरं सांगायचं तर मनात तो गिअरचा विनोदच होता. म्हटलं, बघू तरी हात वर करून आलेल्यांनी काय बांधलंय!

लांबून जे दिसतं ते पांढरं आणि लाल, टुमदार, समोर दोन खांब, वर छोटी घंटाघराची कमान. जरा बाजूला जाऊन बघितलं की गंमत कळते. पुढची भिंत म्हणजे नुसता मुखवटा आहे. मागे अर्धगोल पत्र्याची लांबट शेड. लष्करी छावणीत असतात तसल्या दोन पत्र्याच्या झोपड्या एकापुढे एक जोडलेल्या. इंग्रजीत त्याला निस्सन हट म्हणतात. आपल्याकडे जुन्या लष्करी भागात अशी गोदामं अजून दिसतात.

पण हे कैदी मुळात इथे आलेच का, तिथपासून सांगायला हवं.

ऑर्कनी बेटांच्या मधोमध स्कापा फ्लो नावाचं विस्तीर्ण नैसर्गिक बंदर आहे. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश आरमाराचा हा मोठा तळ. पूर्वेकडून आत शिरायच्या अरुंद खाड्या बंद करण्यासाठी तिथे जुनी जहाजं मुद्दाम बुडवून ठेवली होती. १४ ऑक्टोबर १९३९च्या रात्री एक जर्मन पाणबुडी त्या बुडवलेल्या जहाजांच्या फटीतून भरतीच्या वेळी आत शिरली आणि नांगरून पडलेल्या 'रॉयल ओक' या युद्धनौकेला तिने बुडवलं. आठशेहून जास्त माणसं गेली, त्यांत अगदी कोवळी पोरंही होती. युद्ध सुरू होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. चर्चिल तेव्हा आरमार खात्याचे मंत्री होते. त्यांनी ठरवलं की या खाड्या कायमच्या बुजवायच्या. म्हणजे चार बंधारे घालायचे आणि पाच बेटं एकमेकांना जोडायची.

काम प्रचंड होतं. तारेच्या जाळ्यांमध्ये दगड भरून तळाला टाकायचे आणि वर काँक्रीटचे ठोकळे रचायचे. ठोकळे पाच टनी आणि दहा टनी, एकूण ६६,००० च्या आसपास. एवढी माणसं बेटांवर कुठली? तरणी माणसं तर युद्धावर. मग १९४२च्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेत पकडलेले सुमारे १३०० इटालियन कैदी इथे आणले गेले. लिबियाच्या वाळवंटातून निघालेला माणूस ऐन हिवाळ्यात ऑर्कनीला उतरतो. दिवस सहा तासांचा, चिखल, पाऊस आणि तो वारा. लॅम्ब होमवर जी छावणी पडली तिचं नाव 'कॅम्प ६०'. माणसं पाचशेच्या वर.

आणि आल्या आल्या त्यांनी काय केलं? संप! १९२९च्या जिनिव्हा कराराप्रमाणे युद्धकैद्याला थेट युद्धाशी संबंधित कामाला लावता येत नाही. शत्रूच्या आरमाराचं रक्षण करणारा बंधारा म्हणजे युद्धाचं काम नाही तर काय? त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. त्यावर सरकारने जी तोड काढली ती वाचून मला आपल्याकडच्या सरकारी फायली आठवल्या. सांगण्यात आलं की हे संरक्षणाचे बंधारे नव्हेतच, हे दक्षिणेकडच्या बेटांवरल्या लोकांच्या सोयीसाठी बांधले जाणारे रस्ते आहेत. काम तेच, ठोकळे तेच, फक्त नाव बदललं. कैदी कामावर परतले.

गंमत अशी की ते खोटं पुढे खरं ठरलं. बंधारे पुरे होईपर्यंत १९४४चा सप्टेंबर उजाडला. १२ मे १९४५ला त्यांचं रीतसर उद्घाटन झालं, तेव्हा युरोपातलं युद्ध संपून चारच दिवस झाले होते. आरमाराला त्यांचा फारसा उपयोग झालाच नाही. आज मात्र त्या बेटांवरली शाळेची पोरं, दूधवाले, पर्यटक सगळे त्यावरूनच जातात. आमचीही गाडी त्यावरूनच गेली. दोन्ही बाजूंना ते ठोकळे आडवेतिडवे पडलेले आहेत आणि लाटा त्यांच्यावर फुटतात. प्रत्येक ठोकळा कोणीतरी साच्यात ओतला होता, हे चर्च पाहून परत येताना लक्षात आलं. जाताना नाही.

असो. तर कैद्यांनी आधी छावणी राहण्यासारखी केली. झोपड्यांच्या मधल्या चिखलातून काँक्रीटच्या पायवाटा केल्या, फुलझाडं लावली. दोमेनिको किओकेत्ती नावाचा एक कैदी होता, हाताचा कलाकार. आल्प्सच्या डोलोमाइट डोंगरांतलं मोएना हे त्याचं गाव, जन्म १९१०चा. त्या वेळी ते गाव ऑस्ट्रियाच्या राज्यात होतं, पहिल्या महायुद्धानंतर इटलीत आलं. म्हणजे जन्मला एका देशाचा प्रजाजन म्हणून, लढायला गेला दुसऱ्याच्या वतीने, आणि कैद भोगली तिसऱ्याच्या भूमीवर! त्याने छावणीच्या मोकळ्या जागेत संत जॉर्जचा पुतळा उभा केला. घोड्यावर बसून भाल्याने ड्रॅगनला मारणारा. आतला सांगाडा कशाचा, तर काटेरी तारेचा. ज्या तारेने त्यांना कोंडलं होतं तिचाच! वरून सिमेंट चढवलं. पुतळ्याच्या चौथऱ्यात कैद्यांच्या नावांची यादी आणि काही इटालियन नाणी पुरून ठेवली. पुतळा अजून तिथेच आहे. वाऱ्यापावसाने झिजलाय, पण आहे.

मग १९४३चा सप्टेंबर आला. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे. ८ सप्टेंबर १९४३ला इटलीने दोस्तांशी युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे हे कैदी आता नक्की कोणाचे शत्रू? तारेच्या आत तर होतेच, पण मामला सैल झाला. साधारण त्याच सुमारास छावणीत फादर जाकोबाझ्झी नावाचे धर्मगुरू आले. मेजर बकलंड नावाचे समजूतदार छावणीप्रमुख होते. प्रार्थनेला जागा हवी, ही मागणी आधीपासूनच होती. शेवटी दोन पत्र्याच्या झोपड्या मिळाल्या. अर्ध्या भागात शाळा आणि अर्ध्या भागात चर्च, असं आधी ठरलं होतं. चर्चने हळूहळू सगळी जागा घेतली.

किओकेत्तीने माणसं गोळा केली. पालुंबी हा लोहार. बुट्टापास्ता सिमेंटकाम करणारा. प्रिमावेरा आणि मिकेलोनी हे विजेच्या आणि जोडणीच्या कामातले. पेनिस्सी, बार्काल्योनी, स्फोर्झा आणि आणखी काहीजण. साहित्य म्हणजे जे हाताला लागेल ते. बंधाऱ्याच्या कामातून उरलेलं सिमेंट मात्र मुबलक. त्याची वेदी झाली, वेदीपुढचा कठडा झाला. पवित्र पाण्याचं पात्र केलं ते मोटारीच्या एग्झॉस्टचा आतला भाग घेऊन त्यावर सिमेंट चढवून. बुडालेल्या जहाजातलं लाकूड काढून वेदीवरची पेटी केली. डबाबंद मांसाचे रिकामे डबे कापून दिव्यांची झुंबरं केली. सोनेरी पडदे तेवढे विकत आणले, थेट इंग्लंडमधल्या एक्सेटरहून, कैद्यांच्या स्वतःच्या निधीतून.

पत्र्याच्या आतून सपाट प्लास्टरबोर्ड ठोकला आणि त्यावर रंगकाम सुरू झालं. आत शिरलात की दोन्ही बाजूंच्या भिंती खालून विटांच्या आणि वर कोरीव दगडाच्या दिसतात. मी चांगली दोन पावलं पुढे गेल्यावर मला शंका आली. जवळ जाऊन बघितलं तर सगळं रंगवलेलं! एक वीट खरी नाही. प्रत्येक विटेला सावली, प्रत्येक कोरीवकामाला उठाव, नुसत्या ब्रशने दिलेला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका पोराने आईची नजर चुकवून बोट लावून पाहिलंच. हात लावू नये, मान्य, पण त्याचा मोह मला पुरता कळला.

वेदीच्या मागे मेरी आणि बाळ येशूचं चित्र आहे. बाळाच्या हातात ऑलिव्हची डहाळी, म्हणजे शांततेची खूण. एकोणिसाव्या शतकातले चित्रकार निकोलो बाराबिनो यांच्या एका चित्रावरून ते काढलंय. मूळ चित्र किओकेत्तीला कुठे बघायला मिळणार? त्याच्याकडे त्या चित्राचं एक छोटं कार्ड होतं. घरून निघताना आईने दिलेलं. सबंध युद्धभर ते त्याने खिशात सांभाळलं होतं. आपल्याकडे गावाहून निघताना आई पाकिटात अंगाऱ्याची पुडी नाहीतर स्वामींचा फोटो घालून देते, तसंच. भोवतीच्या देवदूतांपैकी एकाच्या हातात मोएना गावाचं चिन्ह आहे आणि दुसरा तलवार म्यानात घालतो आहे. वर घुमटावर पांढरं कबूतर आणि चार शुभवर्तमानकारांची चिन्हं. बाजूच्या खिडक्यांच्या काचांवर संत फ्रान्सिस आणि संत कॅथरीन. त्यांच्यावरही रंगच, रंगीत काच नाही.

आता त्या लोखंडी जाळीबद्दल. वेदीचा भाग आणि लोकांची जागा यांच्यामध्ये पालुंबीने घडीव लोखंडाची जाळी बसवली आहे. तिला चार महिने लागले. लेससारखं नाजूक काम आहे, आणि छावणीतल्या कामचलाऊ अवजारांनी केलेलं. जाळीच्या दाराशी जमिनीत लोखंडाचं छोटंसं बदाम बसवलंय, दार अडण्यासाठी. असं सांगतात की पालुंबीचं इथल्या एका मुलीवर मन बसलं होतं, पण इटलीत घरी बायको होती. तेव्हा मन इथेच ठेवून तो गेला, ते हे! खरं-खोटं तो लोहार जाणे. पण वाकून बघितल्याशिवाय मलाही राहवलं नाही.

अंतर्भाग इतका देखणा झाला की बाहेरचा पत्रा डोळ्यांना खुपायला लागला. म्हणून बुट्टापास्ता आणि मंडळींनी समोर सिमेंटची दर्शनी भिंत उभारली. कमानीवर काटेरी मुकुट घातलेल्या ख्रिस्ताचं लाल मातीतलं मुख आहे, ते पेनिस्सीने घडवलेलं.

इथे मला एक गोष्ट फार बोचली. या चर्चबद्दल कुठेही वाचा, नाव येतं किओकेत्तीचं. ते बरोबरच आहे, त्याच्यावाचून हे झालं नसतं. पालुंबीचं येतं, कारण गोष्ट प्रेमाची आहे. पुढच्या चारपाच जणांची आडनावं येतात, पण त्यांच्याबद्दल फार काही येत नाही. आणि बाकीचे? छावणीत पाचशेच्या वर माणसं होती. दिवसभर ठोकळे ओतायचे आणि संध्याकाळी इथे यायचं. कोणी सिमेंट कालवलं असेल, कोणी डबे कापले असतील, कोणी शिडी धरून उभा राहिला असेल. आमच्या गावी देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा पायऱ्यांच्या फरशीवर वर्गणीदारांची नावं कोरली. अमुक इतके रुपये, तमुक यांच्या स्मरणार्थ. ज्यांनी डोक्यावरून वाळूच्या पाट्या वाहिल्या त्यांचं नाव कोणत्याच फरशीवर नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. इथे मात्र त्या संत जॉर्जच्या चौथऱ्यात पुरलेली यादी आठवली आणि बरं वाटलं. निदान त्यांनी स्वतःची नावं स्वतःच लिहून ठेवली. वाचता येत नसली तरी आहेत.

९ सप्टेंबर १९४४ला कैदी बेटावरून हलवले गेले. चर्च वापरात येऊन थोडाच काळ झाला होता. किओकेत्ती मात्र मागे थांबला, कारण पवित्र पाण्याच्या पात्राचं काम राहिलं होतं. स्वतःहून कैदेच्या जागी मुक्काम वाढवून घेतलेला माणूस! बेटाचे मालक सदरलंड ग्रेम यांनी जाणाऱ्यांना शब्द दिला की ऑर्कनीचे लोक हे चर्च सांभाळतील.

शब्द देणं सोपं. पुढे छावणी मोडली, झोपड्या गेल्या, तारा गेल्या. चर्च आणि पुतळा तेवढा ठेवला. पण पातळ पत्रा, समुद्राची खारी हवा आणि ओल, रंग किती टिकणार? शिवाय तिथले लोक प्रामुख्याने स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट पंथाचे. त्यांची स्वतःची प्रार्थनागृहं साधी, मूर्ती नाही, चित्र नाही. मेरीचं चित्र, देवदूत, घुमट हे सगळं त्यांच्या धर्माच्या दृष्टीने परकंच. त्यात बनवणारे कालचे शत्रू. पडू दिलं असतं तरी कोणी जाब विचारला नसता. पण लोक येऊन बघत राहिले आणि १९५८मध्ये बेटावरच्या काही मंडळींनी देखभालीसाठी समिती केली.

पुढच्या वर्षी बीबीसीमार्फत किओकेत्तीचा मोएनात पत्ता लागला. १९६०मध्ये तो ऑर्कनीला आला, तीन आठवडे राहिला आणि स्वतःच्या हाताने रंग दुरुस्त केले. १० एप्रिल १९६०ला चर्चमध्ये पुन्हा प्रार्थना झाली, ती इटलीच्या रेडिओवरूनही ऐकवली गेली. निघताना त्याने बेटावरच्या लोकांना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की हे चर्च आता तुमचं आहे, तुम्ही त्यावर माया करा आणि ते जपा. १९६४मध्ये तो बायकोला घेऊन परत आला. येताना ख्रिस्ताच्या क्रूसाच्या वाटेवरचे चौदा प्रसंग कोरलेल्या लाकडी पाट्या भेट आणल्या. १९९२मध्ये, पहिल्यांदा आले त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून, आठ जुने कैदी ऑर्कनीला येऊन गेले. किओकेत्ती आजारपणामुळे येऊ शकला नाही. १९९९च्या मे महिन्यात तो मोएनात वारला. त्याच्यासाठी इथे, या पत्र्याच्या चर्चमध्येही प्रार्थना झाली.

२०१४च्या ऑगस्टमध्ये त्या चौदांपैकी तीन पाट्या चोरीला गेल्या. इतकी वर्षं दार उघडं असायचं. ते वाचून मला एखाद्या ओळखीच्या घरी चोरी झाल्यासारखं वाईट वाटलं. आता तिथे वर्षाला लाखाच्या आसपास माणसं येतात. त्यांच्या श्वासाची ओलसुद्धा त्या रंगांना सोसावी लागते. म्हणजे आवडीने बघायला येणाऱ्यांपासूनही ते जपावं लागतं.

"शत्रूचे मित्र झाले," असं या सगळ्याचं एका वाक्यात सार सांगायची पद्धत आहे. मला ते वाक्य पुरत नाही. संप झाला होता. कराराचा शब्द मोडून त्यांच्याकडून युद्धाचं काम करून घेतलं गेलं होतं. सुंदर चर्च उभं राहिलं म्हणून ती गोष्ट गोड होत नाही. कैद ती कैद. पण उलट बाजूने असंही वाटतं, की ज्या सिमेंटचे ठोकळे त्यांना सक्तीने ओतायला लागले, त्याच सिमेंटमधून त्यांनी स्वतःच्या मर्जीने काहीतरी केलं. दिवसाचं काम दुसऱ्याचं, संध्याकाळचं स्वतःचं. ते करताना कोणी बघायला येईल, लाखाने माणसं येतील, असं त्यांच्या मनात असणं शक्यच नाही. युद्ध संपलं की छावणी मोडणार आणि बहुधा हेही मोडणार, हे त्यांना माहीत असणारच. तरी खोट्या विटेलासुद्धा खरी सावली दिली.

आता आप्पांकडे येतो.

ऑर्कनीहून परतल्यावर मी पहिल्यांदाच आप्पांच्या युद्धाची नीट माहिती काढायला बसलो. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. घरी एवढंच माहीत होतं की ते दुसऱ्या बटालियनमध्ये होते आणि "तोब्रुकला सापडले." वाचल्यावर चित्र जुळत गेलं. २१ जून १९४२ला लिबियातलं तोब्रुक रोमेलच्या हाती पडलं आणि सुमारे ३३,००० माणसं कैद झाली. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. हे कैदी इटलीच्या ताब्यात दिले गेले आणि त्यांतले बरेच समुद्रापलीकडे इटलीत नेले गेले. मध्य इटलीत अबरुत्सीच्या डोंगरांत अव्हेत्सानो या गावाजवळ हिंदी कैद्यांची मोठी छावणी होती. म्हणजे ज्या दिवसांत मोएनाचा माणूस ऑर्कनीत तारेच्या आत होता, त्याच दिवसांत सातारकडचे, कोकणातले, बेळगावकडचे आपले लोक इटलीत तारेच्या आत होते!

आणि तो सप्टेंबर १९४३. युद्धबंदी झाली तेव्हा इटलीतल्या छावण्यांवरचे पहारे ढिले पडले. जर्मन फौजा येऊन ताबा घेईपर्यंतच्या काही दिवसांत हजारो कैदी डोंगरात पळाले. त्यांना कोणी ठेवून घेतलं? तिथल्या शेतकऱ्यांनी, मेंढपाळांनी. कैद्याला आसरा दिला तर गोळी, असे जर्मनांचे हुकूम होते आणि पकडून दिलं तर बक्षीस होतं. तरी ठेवून घेतलं. सगळेच नशीबवान नव्हते, कितीतरी पुन्हा पकडले जाऊन जर्मनीला गेले. पुढे जून १९४४मध्ये दोस्तांच्या फौजा त्या डोंगरांपर्यंत पोचल्या. त्या फौजांत आपलेही लोक होते. महिन्याभरात, १० जुलै १९४४ला, टायबरच्या खोऱ्यात रायगडच्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे लढता लढता गेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव आज इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर आहे.

आप्पा युद्धाबद्दल बोलत नसत, पण एक गोष्ट त्यांनी आत्याला सांगितली होती, आणि आत्याने ती मला परवा फोनवर सांगितली. ते डोंगरातल्या एका घरी हिवाळाभर लपून राहिले होते. घरात म्हातारी आणि दोन सुना. पुरुषमाणूस कोणी नाही, मुलगा लढाईवर गेलेला, जिवंत आहे की नाही पत्ता नाही. म्हातारी रोज मक्याच्या पिठाचा घाटा करायची आणि पाटावर ओतून सगळ्यांना त्यातूनच खायला बसवायची. "पहिली कड मला द्यायची," आप्पा म्हणाले होते, "म्हणायची काहीतरी तिच्या भाषेत. मला वाटतं, माझ्या पोरालाही कोणी देत असेल, असं म्हणत असावी."

"मग हे तू आधी कधी सांगितलं नाहीस?" मी आत्याला विचारलं.

"तुम्ही विचारलंत कधी?" आत्या म्हणाली. "तुम्ही तो गिअरचा विनोद सांगायचात."

विनोदाचं मूळही आता मला माहीत झालंय. १९४०-४१च्या हिवाळ्यात वाळवंटात ब्रिटिश आणि हिंदी फौजांनी एक लाख तीस हजार इटालियन कैदी पकडले, तिथून तो निघाला असणार. जिंकणाऱ्यांचा विनोद तो. पण त्याच वर्षी इरिट्रियात केरेनच्या डोंगरावर हेच इटालियन सैन्य जवळजवळ दोन महिने असं चिवट लढलं की चढाई करणाऱ्या हिंदी पलटणी, त्यांत मराठाही, रक्तबंबाळ झाल्या. ते आमच्या घरातल्या विनोदात कधी आलं नाही. आणि समजा आलं नसतंच, समजा ते सगळेच हात वर करून आले असते, तरी काय? हात वर केलेल्या माणसांनी नंतर त्याच हातांनी काय केलं, ते मी बघून आलोय.

त्या म्हातारीचा मुलगा कुठे होता हे आता कोणालाच कळायचं नाही. ऑर्कनीत होता असं म्हणणं म्हणजे गोष्ट रचणं झालं, ते मी करणार नाही. पण कुठेतरी तो होता, आणि कुठेतरी कोणाच्या तरी मर्जीवर होता, आमच्या आप्पांसारखाच.

या दिवाळीला आम्ही सगळे गावी जमणार आहोत. घरातली बरीच मंडळी हे वाचतातच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तो विनोद कोणी काढला तर मी हसणार नाही. रागावणारही नाही. पानाचा डबा पुढे ओढीन, आणि कोणी विचारलंच तर आधी आत्याला घाट्याची गोष्ट सांगायला सांगीन, आणि मग माझ्याकडचे फोटो दाखवीन. मोबाइलवर त्या रंगवलेल्या विटा अगदी खऱ्या दिसतात.